लेन्स जुन्या, सेन्सर लहान: हौशी फोटोग्राफरच्या निवडीमागचा इतिहास

फुल फ्रेम (जुन्या ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा, २४×३६ मिमीचा सेन्सर) घ्यावा की क्रॉप, म्हणजे त्याहून लहान सेन्सर? आणि आत्ता क्रॉप घेतला, तरी लेन्स पुढे फुल फ्रेमवर चालतील अशाच घ्याव्यात का? कॅमेरा घ्यायला निघालेला जवळजवळ प्रत्येक हौशी माणूस या प्रश्नापाशी अडतो. प्रश्न तांत्रिक वाटतो, पण त्याचं मूळ १९९९ ते २००३ या चार-पाच वर्षांत कॅमेरा बनवणाऱ्यांनी घेतलेल्या एका निर्णयात आहे. त्या निर्णयाची झळ आजवर सर्वांत जास्त हौशी लोकांनाच बसली, असं माझं ठाम मत आहे.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात. १९२५ साली सिनेमाची ३५ मिमी फिल्म वापरणारा खिशात मावेल असा कॅमेरा लाइपझिगच्या प्रदर्शनात आला आणि २४×३६ मिमी ही चौकट हळूहळू रूढ झाली. पुढची सगळी भिंगं त्या चौकटीचा सुमारे ४३ मिमीचा कर्ण झाकला जाईल अशा हिशेबाने घडली. लेन्स कॅमेऱ्यावर बसवायचा सांधा म्हणजे माउंट. १९५९ मध्ये निकॉनचा एफ माउंट आला, १९७५ मध्ये पेंटॅक्सचा के माउंट, १९८७ मध्ये कॅननचा ईएफ. ईएफ आणताना त्या कंपनीने आधीचा माउंट सरळ मोडीत काढला. जुन्या लेन्स नव्या बॉडीवर निरुपयोगी झाल्या आणि ग्राहक चिडले. पण ऑटोफोकसची मोटर लेन्सच्या पोटात गेली आणि बॉडीशी नातं फक्त विद्युत संपर्कांचं उरलं. एफ माउंटवाल्यांनी जुना माउंट राखला आणि फोकस फिरवायला बॉडीतून बाहेर येणारा एक बारीक स्क्रू ठेवला. या दोन्ही गोष्टी पुढे डिजिटलमध्ये उपयोगी पडल्या आणि नडल्याही.

डिजिटलची सुरुवातही थोडक्यात. कोडॅकचा १९७५ चा १००×१०० पिक्सेलचा प्रयोग, एक चित्र कॅसेटवर उतरवायला लागणारे २३ सेकंद, १९९१ मध्ये फिल्म कॅमेऱ्याच्या पाठीला जोडलेला १.३ मेगापिक्सेलचा संच आणि त्याची वेगळी वागवावी लागणारी डिस्क. हे सगळं प्रयोगशाळेचं आणि वृत्तसंस्थांचं जग होतं. हौशी माणसाचा त्याच्याशी संबंध येऊ लागला तो १९९९ नंतर.

त्या वर्षी आलेल्या निकॉनच्या डी१ मध्ये २.७ मेगापिक्सेलचा सेन्सर होता, आकार २३.७×१५.६ मिमी. पुढच्या वर्षी कॅननचा डी३० आला, ३.१ मेगापिक्सेल, सेन्सर आणखी थोडा लहान. दोन्हींचे माउंट मात्र जुनेच, ३५ मिमीच्या चौकटीसाठी बनलेले. म्हणजे भिंग २४×३६ ची प्रतिमा पाडत होतं आणि कॅमेरा तिच्या मधला निम्म्याहून कमी भाग उचलत होता. २४×३६ चं क्षेत्रफळ ८६४ चौरस मिमी, आणि डी१ च्या सेन्सरचं सुमारे ३७०.

असं का केलं, याचं उत्तर सिलिकॉनच्या चकतीत आहे. एका गोल चकतीवर अनेक सेन्सर घडवतात. चकतीवर कुठेतरी सूक्ष्म दोष असतातच आणि ज्या सेन्सरवर दोष पडला तो बाद होतो. सेन्सर लहान असेल तर एका दोषापायी थोडंच क्षेत्र वाया जातं. मोठा असेल तर मुळात चकतीवर बसतातच थोडे, आणि त्यातलेही बरेच फुकट जातात. शिवाय चकतीवर नक्षी छापणाऱ्या यंत्राचं एका वेळचं क्षेत्र ३६ मिमी लांबीला पुरत नसे. म्हणजे फुल फ्रेमची नक्षी तुकड्यांत छापायची आणि ते तुकडे अचूक जोडायचे. खर्च क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढत नव्हता, त्याच्या कितीतरी पट वाढत होता. या कारणाशी माझं काहीच भांडण नाही. त्या घडीला हौशी माणसाच्या हातात मोठा सेन्सर देणं शक्यच नव्हतं.

भांडण आहे ते पुढच्या पावलाशी. सेन्सर लहानच राहणार असेल तर त्याच्या मापाच्या लेन्स आणि त्याच्या मापाचा माउंट नव्याने बनवायचा, की जुनाच माउंट चालवायचा? मोठ्या कंपन्यांनी दुसरा रस्ता धरला. लोकांकडे लेन्स पडून होत्या, त्या चालल्या तर ग्राहक दुसरीकडे जाणार नाही, हा हिशेब उघड होता. ग्राहकालाही सुरुवातीला तो पटला. भिंगाच्या कडेचा मऊपणा आपोआप कापला जाई. पक्ष्यांचे फोटो काढणारे तर खूश झाले, कारण मधलाच भाग उचलल्याने ३०० मिमी फोकल लेंथची लेन्स (हा आकडा मोठा तितकं दूरचं जवळ दिसतं) दीडपट, म्हणजे ४५० सारखी दिसू लागली.

पण वाइडकडे, म्हणजे रुंद दृश्य टिपणाऱ्या लेन्सकडे पाहा. २८ मिमीची लेन्स ४२ सारखी झाली. २४ ची झाली ३६. खोलीत भिंतीला पाठ टेकवून घरातल्या सगळ्यांचा फोटो घ्यायचा तर आता आणखी दोन पावलं मागे जावं लागणार, आणि मागे भिंत. जुन्या लेन्स चालतात हे खरं होतं, पण ज्या कामासाठी त्या घेतल्या होत्या तेच काम त्या करीनाशा झाल्या.

उपाय म्हणून २००३ मध्ये खास लहान सेन्सरसाठी लेन्स निघू लागल्या: एफ माउंटवर १२–२४, आणि ईएफच्या बाजूला ३००डी या कॅमेऱ्यासोबत आलेली १८–५५. इथे एकाच माउंटमध्ये दोन जाती तयार झाल्या. एफ माउंटची डीएक्स, म्हणजे निकॉनची लहान सेन्सरची लेन्स फुल फ्रेमवर बसते, फक्त कॅमेरा मधला भाग कापून घेतो. ईएफ-एस, म्हणजे कॅननची तशीच लेन्स बसतच नाही. तिच्या मागच्या बाजूला रबराचं वाढीव कडं असतं आणि जुळवणीची खूण लाल ठिपक्याऐवजी पांढरा चौकोन असते. मागचं भिंग सेन्सरकडे इतकं सरकवलेलं असतं की फुल फ्रेम कॅमेऱ्यातला, दृश्य डोळ्याकडे वळवणारा मोठा आरसा त्यावर आदळला असता. चौकोनी खुणेची लेन्स घेणाऱ्याने वर चढायचं ठरवलं की ती मागेच राहणार, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं.

तरीही हा निर्णय निभावला असता. अट एकच होती: लहान सेन्सरच्या लेन्सचं घराणं पूर्ण करायला हवं होतं. ते झालं नाही.

२००२ मध्ये पहिले फुल फ्रेम डिजिटल कॅमेरे आले, व्यावसायिकांसाठी. २००५ मध्ये कॅननचा १२.८ मेगापिक्सेलचा ५डी आला आणि फुल फ्रेम चांगल्या कमाईच्या हौशी माणसाच्या टप्प्यात आलं. लहान सेन्सरवर आठ वर्षं थांबलेली निकॉनही २००७ मध्ये डी३ घेऊन तिकडे गेली. त्यानंतर चांगली भिंगं घडवण्याचा जोर फुल फ्रेमकडे वळला. लहान सेन्सरच्या वाट्याला १८ पासून सुरू होणारे झूम येत राहिले: १८–५५, १८–१०५, १८–१३५, १८–२००. १७–५५ एफ/२.८ सारखी एखादी भक्कम लेन्स दोन्हीकडे होती (एफ/ पुढचा आकडा ॲपर्चरचा, म्हणजे उजेड आत घेणाऱ्या छिद्राचा; आकडा लहान तितकं छिद्र मोठं). डीएक्ससाठी ३५ मिमी एफ/१.८ यायला २००९ उजाडलं. ईएफ-एसची २४ मिमी प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स, २०१४ मध्ये आली आणि कॅननचा सेन्सर आणखी थोडा लहान असल्याने ती ३८ सारखी दिसते. फुल फ्रेमवर २४ मिमी प्राइम ही साधी, रोजच्या वापरातली लेन्स. तिच्या जागी लहान सेन्सरला १६ मिमी लागते, आणि ती ना डीएक्समध्ये निघाली ना ईएफ-एसमध्ये. सिग्मासारख्या स्वतंत्र लेन्स कंपन्यांनी काही जागा भरल्या. २००५ ची ३० मिमी एफ/१.४ आणि २०१३ ची १८–३५ एफ/१.८ यांची नावं आदराने घ्यायला हवीत.

या पोकळीतूनच तो सल्ला जन्मला: लेन्स फुल फ्रेमच्याच घ्या, बॉडी नंतर बदला. ऐकायला शहाणपणाचा वाटतो. पण क्रॉप बॉडीवर २४–७० लावली की ती ३६–१०५ होते. वजन फुल फ्रेमच्या लेन्सचं, आणि वाइड मिळतच नाही. कधीतरी घ्यायच्या कॅमेऱ्यासाठी आजचे फोटो गमवायचे, असा तो सल्ला आहे. फुल फ्रेम ही चढायची पुढची पायरी आहे ही समजूतही याच काळातली. लेन्सची यादी अपुरी राहिली म्हणून ती पायरी दिसू लागली. फोटोग्राफी शिकण्याच्या टप्प्यांशी तिचा संबंध नाही.

ॲपर्चरच्या आकड्याचा गुंताही याच्याच जोडीने आला. फोकल लेंथला १.५ ने गुणायचं तर एफ/२.८ लाही गुणायचं का, यावर वर्षानुवर्षं वाद चालले. उजेडाच्या मोजणीत एफ/२.८ कुठल्याही सेन्सरवर एफ/२.८ च असतो, शटर स्पीड आणि आयएसओ तेच राहतात. पण दृश्याचा तोच कोन धरून तिथूनच फोटो काढला तर लहान सेन्सरवरच्या एफ/२.८ मध्ये डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे फोटोत स्पष्ट दिसणारी खोली, फुल फ्रेमच्या एफ/४.२ इतकी मिळते. ज्याला मागचं धूसर हवं त्याने दुसरा हिशेब धरावा, ज्याला सगळं स्पष्ट हवं त्याला लहान सेन्सर उलट सोयीचाच. जाहिरातींनी मात्र फोकल लेंथ गुणून छापली आणि ॲपर्चर तसंच ठेवलं.

मोटरचा घोळ हौशी माणसाला आणखी जवळून नडला. २००६ मध्ये आलेल्या निकॉनच्या डी४० मधून तो बॉडीतला स्क्रू काढून टाकला. माउंटच्या कड्यात खालच्या बाजूला जिथे धातूचं टोक दिसायचं तिथे काहीच उरलं नाही. जुनी ५० मिमी लेन्स त्यावर बसे, उजेडही मोजे, पण ऑटोफोकस होत नसे. जुन्या लेन्स चालतील या आधारावर माउंट राखला होता आणि सर्वांत स्वस्त बॉडी घेणाऱ्याच्याच हातून तो आधार काढून घेतला.

लहान सेन्सरच्या मापाने चालायचा रस्ता कुणी धरलाच नाही असं नाही. २००३ मध्ये फोर थर्ड्स ही १७.३×१३ मिमी सेन्सरची पूर्णपणे नवी पद्धत आली, माउंट आणि लेन्स सेन्सरच्याच मापाने आखलेल्या. पण आरसा होता तोवर बॉडी फारशी लहान झाली नाही आणि ३५–१०० एफ/२ सारख्या लेन्स दीड किलोच्या वर गेल्या. २००८ मध्ये आरसा काढला, माउंट ते सेन्सर अंतर ३८.६७ वरून १९.२५ मिमीवर आलं आणि तेव्हा कुठे लहानपणाचा फायदा हातात पडला. के माउंटवाल्यांनी २०१६ पर्यंत फुल फ्रेम डिजिटल कॅमेरा काढलाच नाही. त्याऐवजी १५, २१, ४०, ७० मिमीच्या छोट्या धातूच्या प्राइम लहान सेन्सरसाठी बनवल्या. आणि २०१२ मध्ये फुजीफिल्मचा एक्स माउंट आला तो थेट तीन प्राइम घेऊन: १८, ३५, ६०. त्या कंपनीने फुल फ्रेमकडे पाहिलंच नाही. २०१५ मध्ये तिची १६ मिमी एफ/१.४ आली, जी निकॉन-कॅननने डीएक्स किंवा ईएफ-एसमध्ये कधी बनवली नव्हती. लहान सेन्सरचं घराणं पूर्ण करणं अशक्य होतं असं म्हणणाऱ्यांना एवढं उत्तर पुरेसं आहे.

२०१३ मध्ये सोनीच्या ई माउंटवर आरशाविना फुल फ्रेम आलं. २०१८ मध्ये निकॉनचा झेड, कॅननचा आरएफ आणि तीन कंपन्यांनी मिळून पुढे नेलेला एल माउंट हे एकापाठोपाठ मैदानात उतरले. माउंट ते सेन्सर अंतर झेडचं १६ मिमी, ई चं १८, आरएफ आणि एल चं २०. जुन्या लेन्स अडॅप्टर लावून नव्या बॉडीवर बसतात, उलटं होत नाही. ज्या जुन्या माउंटसाठी १९९९ पासून एवढी तडजोड केली, तो माउंट वीस वर्षांत सोडून दिला. मधल्या काळात आणखी दोन माउंट येऊन गेले: १३.२×८.८ मिमी सेन्सरचा निकॉनचा एक २०११ ते २०१८, आणि कॅननचा ईएफ-एम २०१२ ते २०२३. ईएफ-एमचं अंतर १८ मिमी, त्यामुळे त्याच्या लेन्स २० मिमीच्या आरएफवर साध्या अडॅप्टरनेही नीट बसत नाहीत. हे दोन्ही माउंट घेणारे प्रामुख्याने हौशीच होते.

याच सुमारास बाजारही आटला. २०१० मध्ये जगभरात सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते. २०२१ मध्ये ८४ लाखांच्या आसपास. छोटे कॅमेरे मोबाइलने गिळले. उरलेल्या थोड्या ग्राहकांकडून जास्त कमाई करायची तर महागड्या फुल फ्रेमकडेच वळायचं, असं कंपन्यांनी ठरवलेलं दिसतं. आज सेन्सर बनवणं पूर्वीइतकं अवघड नाही, तरी क्रॉपचा दुजाभाव टिकला तो यामुळे.

नव्या माउंटवर क्रॉप बॉडी आल्या तेव्हा तीच चाल पुन्हा दिसली. झेडवर २०१९ मध्ये १६–५० आणि ५०–२५०, आरएफवर २०२२ मध्ये १८–४५ आणि १८–१५०. सगळे मंद ॲपर्चरचे, म्हणजे कमी उजेड घेणारे झूम. त्यातच आरएफवर बाहेरच्या ऑटोफोकस लेन्सना वाव नव्हता, म्हणजे पूर्वी पोकळी भरणाऱ्यांनाही दार बंद. कॅमेरा निवडणाऱ्याने बॉडीच्या गुणांची तुलना करण्याआधी त्या माउंटवर लहान सेन्सरसाठी १६, २३, ३५ आणि ५६ मिमीच्या आसपास काय मिळतं ते पाहावं, असं मी सांगतो ते हे सगळं डोळ्यांसमोर आहे म्हणून. ई आणि एक्स माउंटवर ही यादी बरीच आधी भरली होती. झेडवर कंपनीची स्वतःची २४ मिमी एफ/१.७ आली २०२३ मध्ये. आरएफचं दार २०२४ मध्ये उघडलं, तेही लहान सेन्सरच्या लेन्सपुरतं. आधी १८–५० एफ/२.८ आली आणि मग १६ मिमी एफ/१.४, दोन्ही सिग्मा या स्वतंत्र लेन्स कंपनीकडून, ३००डी बाजारात आल्यानंतर २१ वर्षांनी.