जंगलाचा हेक्टरी दर: एका हिशेबाची पार्श्वभूमी

निसर्गाचं मोल रुपयांत काढणारे अभ्यासक बातम्यांत येतात ते बहुतेक वेळा वाघांमुळे. 2015 साली देशातल्या सहा व्याघ्र प्रकल्पांचा हिशेब मांडला गेला, 2019 साली आणखी दहांचा. त्या दहांत आपलं मेळघाटही होतं. दुसऱ्या अहवालात एकेका प्रकल्पाकडून वर्षाला मिळणारे लाभ सुमारे पाच हजार ते सोळा हजार कोटी रुपयांच्या घरात निघाले. आकडे छापून आले, भाषणांत वापरले गेले. त्यांवरून कुणाला कधी पैसे भरावे लागले नाहीत.

दोन्ही अभ्यासांची धुरा भोपाळच्या एका वन व्यवस्थापन संस्थेतल्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापिकेकडे होती. त्यांची कारकीर्द पाहिली की या विद्येचा भारतातला प्रवास कळतो. भोपाळचा तलाव, हिमाचलची जंगलं, मग व्याघ्र प्रकल्प. मधल्या काळात त्या ज्या कामात गुंतल्या, तेच सगळ्यात वादाचं आहे: एनपीव्ही, म्हणजे वनजमिनीचं निव्वळ वर्तमान मूल्य, पुढच्या वर्षांत जंगलापासून मिळणाऱ्या लाभांची आजची किंमत. खाण, धरण किंवा रस्त्यासाठी वनजमीन वळती करताना प्रकल्पवाला जी हेक्टरी रक्कम भरतो, ती हीच.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात. 1980 च्या सुमारास कोलकात्याच्या एका प्राध्यापकांनी पन्नास टनांच्या झाडाची पन्नास वर्षांतली सेवा 15 लाख 70 हजार रुपयांची ठरवली. प्राणवायूचे अडीच लाख, हवा शुद्ध ठेवण्याचे पाच लाख, पाखरांना आसऱ्याचे अडीच लाख, अशी बेरीज. वृक्षारोपणाच्या भाषणांत हा आकडा अजून फिरतो. शास्त्र म्हणून तो लंगडा आहे. हवेत प्राणवायूची टंचाई नाही, आणि जुनं जंगल जेवढा प्राणवायू सोडतं जवळपास तेवढाच कुजण्या-श्वसनात खर्चही होतो. पुढे 1997 मध्ये परदेशी अभ्यासकांच्या एका गटाने साऱ्या पृथ्वीच्या सेवांचं मोल वर्षाला 33 लाख कोटी डॉलर काढलं. तेव्हा जगाचं एकूण उत्पन्नच 18 लाख कोटींच्या आसपास होतं. ज्याच्याविना जगणंच शक्य नाही त्याची किंमत अनंत, मग हा अंदाज कमीच, अशी कोपरखळी एका अर्थतज्ज्ञाने मारली होती.

आपल्याकडे मात्र हा विषय कोर्टात वाढला. नीलगिरीतल्या वृक्षतोडीवरून 1995 साली दाखल झालेली एक याचिका सर्वोच्च न्यायालयात वर्षानुवर्षं चालत राहिली. 1996 च्या आदेशाने 'जंगल' कशाला म्हणायचं तेच बदललं. ऑक्टोबर 2002 मध्ये न्यायालयाने सांगितलं, की वनजमीन घेणाऱ्याने पर्यायी वनीकरणाच्या खर्चावर आणखी हेक्टरी 5.80 ते 9.20 लाख रुपये भरावेत. खाणवाले, वीजवाले आणि काही सरकारी खातीही कुरकुरली. 2005 मध्ये न्यायालयाने तत्त्व कायम ठेवलं आणि दर ठरवायला तज्ज्ञांची समिती नेमली. दिल्लीच्या एका अर्थतज्ज्ञ बाई तिच्या अध्यक्षा होत्या.

त्या समितीचा अहवाल 2006 चा. माझ्या मते खरा वाद तिथे आहे, आणि त्याची चर्चा व्हावी तितकी झाली नाही. समितीचा कल होता की प्रत्येक जागेचा हिशेब वेगळा करावा: लाकूड, गवत-सरपण, मोह-तेंदूसारखं गौण वनोपज, पाणलोट, कार्बन, पर्यटन. ज्याचा लाभ बुडतो त्याच्यापर्यंत भरपाईचा वाटा पोचावा, हाही विचार त्यात होता. सरपण गेलं तर गावाला, कार्बन गेला तर देशाला.

मार्च 2008 मध्ये अंतिम दर आले तेव्हा हे सगळं एका तक्त्यात बसवलं गेलं. जंगलांचे सहा वर्ग, दाटीचे तीन प्रकार, दर हेक्टरी 4.38 ते 10.43 लाख. अभयारण्य असेल तर पाचपट, राष्ट्रीय उद्यान असेल तर दहापट. ग्रामीण भागातली शाळा, गावतळं, चार इंचांपर्यंतची पिण्याच्या पाण्याची भूमिगत नळवाहिनी अशा कामांना, तीही एक हेक्टरच्या आतली आणि संरक्षित क्षेत्राबाहेरची असतील तर, माफी. खाण भुयारी असेल तर निम्मा दर. कारकुनाला सोयीचा तक्ता आहे, यात शंका नाही. पण गडचिरोलीचं जंगल आणि बस्तरचं जंगल एकाच वर्गात, एकाच दाटीचं ठरलं की दर तोच. तिथला नाला कुठल्या गावाला पाणी देतो, हे तक्ता विचारत नाही.

दुसरी मेख व्याजदराची. पन्नास वर्षांनी मिळणाऱ्या एक लाखाच्या लाभाची आजची किंमत 10 टक्के दराने जेमतेम 852 रुपये होते, 5 टक्क्यांनी 8,720, 4 टक्क्यांनी 14,071. म्हणजे टक्केवारीचा एक आकडा बदलला की अख्खं जंगल स्वस्त किंवा महाग होतं. किती वर्षांचा लाभ धरायचा हेही तसंच. साग साठ वर्षांनी तोडायचा असतो आणि हिशेब वीस वर्षांत गुंडाळायचा, हे वनखात्यातल्या जुन्या माणसालाही पटणार नाही. भोपाळच्या गटाने 2014 च्या फेरआढाव्यात कालावधी लांबवला, सेवांची यादी वाढवली आणि दर हेक्टरी 9.87 ते 55.55 लाखांपर्यंत नेले. केंद्राने ते जसेच्या तसे स्वीकारले नाहीत.

दरम्यान पैसा साठत गेला. 2016 मध्ये कॅम्पाचा, म्हणजे या भरपाईच्या निधीचा, कायदा झाला: 90 टक्के राज्यांना, 10 टक्के केंद्रात. ऑगस्ट 2019 मध्ये राज्यांकडे 47,436 कोटी रुपये वळते झाले. त्यावर वनखात्याचा ताबा आहे. ग्रामसभांना हक्क देणारा वनहक्क कायदा 2006 सालचाच, तरी भरपाईचा गावाचा असा ठरलेला वाटा या व्यवस्थेत नाही. आपल्याकडे मेंढा-लेखासारख्या गावांनी बांबूवरचा हक्क लढून मिळवला, तो या हिशेबाच्या बाहेर.

2021 मध्ये एकेका झाडाचा आकडा परत कोर्टात आला. पश्चिम बंगालमधल्या रेल्वे उड्डाणपुलांसाठी तुटणाऱ्या 356 झाडांच्या प्रकरणात तज्ज्ञांनी झाडामागे वर्षाला 74,500 रुपये धरले, त्यातले 45,000 पुन्हा प्राणवायूचेच. एनपीव्हीचे दर मात्र जानेवारी 2022 मध्ये बदलले ते घाऊक महागाईच्या निर्देशांकानुसार. 2008 च्या तक्त्याला सरसकट 1.53 ने गुणलं गेलं आणि वरचा दर 15.95 लाखांवर आला.