कल्याणच्या बंदराला लागलेलं कुलूप

रोमन साम्राज्यातून आलेलं एखादं जहाज चुकून कल्याणला लागलं, तर त्यावर पहारा बसवून ते गुजरातेतल्या भडोचला नेत. ही हकिकत इसवी सनाच्या पहिल्या शतकातली. इजिप्तमधल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची एक टिपणवही लिहून ठेवली, ती आज ‘पेरिप्लस’ म्हणून ओळखली जाते. पठ्ठ्याने स्वतःचं नाव कुठे लिहिलं नाही, पण कुठल्या बंदरात काय खपतं ते मात्र चोख टिपलं. थोरल्या सरगनसच्या (हा बहुधा एक सातवाहन राजा) काळी कल्याण ही राजमान्य पेठ होती, पुढे ती संदनेसच्या ताब्यात गेली आणि व्यापार अडवला गेला, असं तो सांगतो. हा संदनेस नेमका कोण, यावर अभ्यासकांचं अजून जमलेलं नाही. भडोचला राज्य होतं शकांच्या क्षत्रप (प्रांताधिपती) नहपानाचं आणि घाटमाथ्यावर त्याचे वैरी सातवाहन.

बंदर म्हणून पाहिलं, तर भडोच भलतंच अवघड. खंभातचं आखात नरसाळ्यासारखं आहे. रुंद तोंडातून आत शिरलेल्या भरतीला पुढे दोन्ही किनारे आवळत जातात, तळही वर येतो, मग पाण्याला चढण्यावाचून गत्यंतर राहत नाही. उधाणाच्या दिवसांत भावनगरकडे भरती-ओहोटीतला फरक १० मीटरच्या घरात जातो. मुंबईत तो साधारण याच्या निम्मा. ओहोटीला जहाज गाळात बसायचं आणि परतणारी भरती लांबून सैन्याच्या आरोळीसारखी ऐकू यायची, असं आपला व्यापारी लिहितो. म्हणून राजाच्या चाकरीतले कोळी मोठ्या होड्या घेऊन थेट सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात आणि भरतीची वेळ साधून जहाजं आत ओढून आणत. म्हणजे नहपानाने सरकारी खर्चाने वाटाडे ठेवले होते! उल्हास खाडीतलं कल्याण त्या मानाने किती सोपं.

शिवाय माल होता दख्खनचा. पैठणहून अकीकाचे दगड आणि आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरहून ढीगभर सुती कापड गाड्यांवर लादून भडोचला जाई. पैठण ते भडोच वाट २० दिवसांची, तेर त्याच्याही पलीकडे आणखी १० दिवस. पैठणहून जुन्नरमार्गे नाणेघाट उतरला की खाली कल्याण, हे नकाशा न बघताही कळतं. नाणेघाटातला दगडी रांजण जकातीच्या नाण्यांचा, असं तिथे हमखास सांगतात. त्याला लेखी आधार नाही, पण घाट कोणाच्या हातात यावर बंदराचं पोट अवलंबून होतं, हे खरं.

उलट दिशेने तांबं, कथील, पोवळं, चांदीची नाणी येत आणि दारूही. इटलीच्या दारूला भडोचला पसंती होती. ती यायची दोन कानांच्या उंच मातीच्या कुंभांतून. अशा खापराची ०.०३ मिलिमीटर जाडीची चकती घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरली, की मातीतली खनिजं दिसू लागतात. भारतात मिळालेल्या बऱ्याच तुकड्यांत ज्वालामुखीच्या वाळूचे काळे कण आढळतात आणि ते नेपल्सच्या आखाताकडे, व्हेसुव्हियसच्या परिसराकडे बोट दाखवतात. याच बारकाईने आपली एक चूकही उघडी पडली. पूर्वी ‘रोमन’ म्हणून नोंदलेली काही खापरं प्रत्यक्षात इराक-इराणकडच्या, आतून डांबर फासलेल्या रांजणांची निघाली. रोमच्या कौतुकात आपण इराणी आखाताचा व्यापार जरा विसरलोच होतो.

कुलूप निघालं ते लढाईने. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी इथे चांदीच्या १३,००० हून अधिक नाण्यांचा साठा सापडला. नाणी सगळी नहपानाची, पण त्यातल्या ९,००० हून जास्त नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप ठोकलेला. वितळवून नवी पाडण्याच्या भानगडीत तो पडलाच नाही, जुन्यावरच हातोडा मारला. एखादं नाणं तिरपं धरून बघा. वर सातवाहनांचा कमानींचा डोंगर आणि त्याच्या खालून नहपानाचं नाक किंवा ग्रीक अक्षरांचा एखादा तुकडा डोकावतो. एका नाण्यात जेमतेम दोन-सव्वादोन ग्रॅमची चांदी.

त्यानंतरचं कल्याण बघायचं तर कान्हेरीला जावं लागतं. तिथल्या ब्राह्मी लेखांत कल्याणचे दानकर्ते पुन्हापुन्हा भेटतात. त्यांत व्यापारी आहेत, लोहार आहे आणि एक सोनारही आहे. त्या सोनाराने दान दिली ती पाण्याची पोढी. डोंगरावर भटकणारे आजही कातळातल्या टाक्याला कधीकधी हाच शब्द वापरतात.