मोरा एंकांतादा

पोर्तुगाल व त्याला लागून असलेल्या स्पेनच्या गालिसिया प्रांतातील लोककथांमधली, पुरलेल्या धनाची राखण करणारी मंतरलेली मूरकन्या. पोर्तुगीज भाषेत ‘मोरा’ म्हणजे मूर (उत्तर आफ्रिकेतून आलेल्या मुसलमान लोकांतली) स्त्री आणि ‘एंकांतादा’ म्हणजे मंत्राने बांधलेली. झरा, विहीर, पडका किल्ला, महाश्मयुगीन शिलाकक्ष किंवा डोंगरमाथ्यावरची उजाड तटबंद वस्ती (काश्त्रो) ही तिची ठिकाणे. ती सोन्याच्या फणीने केस विंचरत बसते, सोन्याच्या मागावर विणते, नाहीतर सूत काततच अवजड शिळा डोक्यावरून वाहून नेते. सेंट जॉनच्या सणाच्या रात्री, म्हणजे २३ जूनच्या मध्यरात्रीपासून २४ जूनच्या सूर्योदयापर्यंत, ती दिसते असे मानतात. पोर्तुगीज बालसाहित्यातल्या साहसकथांना धन, राखणदार, अटी आणि एका चुकीने हातचे जाणे हा सांगाडा आयता मिळतो तो बराचसा या कथांतून.

नावाची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. सरळ अर्थ घेतला तर ही कन्या ७११ मध्ये इबेरियन द्वीपकल्पात आलेल्या मुसलमान राज्यकर्त्यांच्या कुळातली. लिस्बन ११४७ मध्ये आणि दक्षिणेकडचा आल्गार्व्ह प्रदेश १२४९ मध्ये ख्रिस्ती सत्तेखाली गेला, तेव्हा पळून जाणाऱ्या मूर सरदारांनी आपल्या मुली व खजिना परत येईपर्यंत मंत्राने बांधून ठेवला, असे आल्गार्व्हमधील कथा सांगतात. हे स्पष्टीकरण दक्षिणेला लागू पडते; उत्तरेत मात्र अडते. मिन्यू व गालिसिया भागात मुसलमानी अंमल अल्पकाळच टिकला, तरी मोरांच्या कथा तेथे दाट आहेत. शिवाय ‘मोरु’ (मूर) लोकांनी बांधले म्हणून जे दाखवतात, ते बहुधा रोमनपूर्व कोट किंवा त्याहून कितीतरी जुने शिलाकक्ष असतात.

म्हणून काही अभ्यासकांनी हा शब्द ‘मृत’ या अर्थाच्या प्राचीन केल्टिक शब्दाशी जोडला आहे. लॅटिन ‘मोर्तुउस’ आणि संस्कृत ‘मृत’ हे त्याच कुळातले. या मताप्रमाणे मोरा ही मुळात मूर नसून थडग्यात राहणारी मृतात्मा ठरते. कल्पना आकर्षक आहे, आणि शिलाकक्ष ही थडगीच असल्यामुळे तिला बळही मिळते. तथापि ध्वनिनियमांच्या दृष्टीने तिची गरज भासत नाही. लॅटिन ‘आउ’चा पोर्तुगीजमध्ये ‘ओउ’ होतो : ‘आउरुम’चे ‘ओउरु’ (सोने), ‘ताउरुस’चे ‘तोउरु’ (बैल), तसेच ‘माउरुस’चे ‘मोउरु’, म्हणजेच बोलण्यातले ‘मोरु’. अर्थाची अडचणही वाटते तितकी मोठी नाही. ग्रामीण पोर्तुगीज बोलीत ‘मोरु’ म्हणजे बाप्तिस्मा न झालेला. पाणी न मिसळलेल्या वाइनला ‘व्हिन्यु मोरु’ म्हणतात. पाण्याचा बाप्तिस्मा तिला मिळालेला नसतो, हा त्यातला विनोद. या अर्थाने मोरु म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या आधीचे, जमिनीखाली गेलेले सगळेच. त्यात अरब आले, रोमन आले आणि त्यांच्या आधीचेही आले. बास्क लोकही शिलाकक्षांचे बांधकाम ‘माइरु’ नावाच्या प्राचीन लोकांकडे देतात, हे साम्य या बाजूने बोलते.

कल्पनेच्या प्राचीनतेबद्दल याहून सावध राहावे लागते. केस विंचरणारी जलस्त्री उत्तर स्पेनमधील अस्तुरियात ‘शाना’ आणि बास्क प्रदेशात ‘लामिया’ या नावांनी भेटते. त्यामुळे मोरेच्या मुळाशी ख्रिस्तपूर्व जलदेवता असाव्यात, हे १९व्या शतकातील संशोधकांचे मत अगदीच निराधार म्हणता येत नाही. साहित्यात ती निदान १५२१ पासून आहे. त्या वर्षी पोर्तुगालची राजकन्या बेआत्रिश सव्हॉयच्या ड्यूककडे सासरी निघाली, तेव्हा दरबारात झालेल्या जिल व्हिसेंतच्या ‘कोर्तेश द झुपितेर’ या नाटकात एक मंतरलेली मोरा जादूच्या वस्तू घेऊन येते.

धन व त्याच्या अटी : मोरेचे धन नुसते उचलून आणता येत नाही, आधी तिचा मंत्र उतरवावा लागतो. पुष्कळ कथांत ती नागिणीच्या रूपात येते. अंगावर चढून तोंडाचे चुंबन घेईपर्यंत माणसाने हलायचे नाही, ओरडायचे नाही आणि देवाचे नाव घ्यायचे नाही. तो घाबरला की ती ‘माझा मंत्र दुप्पट केलास’ असा आक्रोश करून नाहीशी होते. काही ठिकाणी ती उन्हात अंजीर वाळत घालते. वाटसरू मूठभर उचलून खिशात टाकतो, घरी पोचल्यावर त्यांची सोन्याची नाणी झालेली दिसतात. धावत परत जावे तर तेथे काहीच नसते. काही ठिकाणी जमिनीखाली दोन मडकी असल्याचे सांगतात, एकात सोने व दुसऱ्यात महामारी. कोणते कोणात हे खणणाऱ्याला कळत नाही, त्यामुळे बहुतेक मडकी जागच्या जागी राहिली आहेत.

लुले गावची कासिमाची कथा या प्रकारातली सर्वांत परिचित. गाव ख्रिस्ती सैन्याच्या हाती पडण्यापूर्वी तेथील मूर अधिकाऱ्याने आपल्या तीन मुली झऱ्यात मंतरून ठेवल्या व तो टँजिअरला गेला. पुढे लुलेचाच एक ख्रिस्ती सुतार तेथे बंदिवान म्हणून भेटला. मूराने त्याला तीन पाव दिले आणि घरी पोचवण्याची सोय केली. सेंट जॉनच्या आदल्या मध्यरात्री एकेका मुलीचे नाव घेऊन एकेक पाव झऱ्यात टाकायचा, एवढेच काम. सुताराने पाव पेटीत लपवले. नवरा कशावर एवढी नजर ठेवतो म्हणून बायकोने एका पावात सुरी खुपसली, तो आतून रक्त आले. दोघी बहिणी सुटल्या. कासिमाचा पाय जायबंदी झाला आणि ती झऱ्यातच राहिली. पावाचा कोपरा मोडल्यामुळे मुलीचा घोडा लंगडा होतो, अशीही रूपे अन्यत्र आढळतात.

आलेन्तेझु प्रांतातील मोरा या गावाचा संबंध मात्र नावापुरता आहे. तेथील कथेतली सालुकिया मंतरलेली नाही. तिच्या नियोजित वराच्या लोकांना मारून त्यांचेच कपडे चढवलेले ख्रिस्ती सरदार वरात म्हणून किल्ल्यात शिरतात, आणि ती किल्ल्या हातात घेऊन बुरुजावरून उडी टाकते.

गुप्तधनाचा शोध : कथेबरोबर प्रत्यक्ष खोदकामही चालत आले. सोने-रुपे शोधण्यासाठी काठ्या टाकणे, वर्तुळ आखणे व आरशात पाहणे यांना पोर्तुगीज राजाज्ञेने बंदी होती. पहिला जुआंव याच्या काळातली, सामान्यतः १४०३ची मानली जाणारी ही आज्ञा पुढे ‘ओर्देनासोंयश आफोन्सिनाश’ या विधिसंग्रहात आली. गालिसियात १७व्या शतकाच्या आरंभी व्हाथ्केथ दे ओर्शास याने थडग्यांवरची प्राचीन टेकाडे खणून सोने काढण्याचा राजपरवानाच मिळवला, पण त्याच्याआधी शेतकऱ्यांनीच टेकाडे उकरायला सुरुवात केल्याने प्रकरण न्यायालयात गेले. बेनेडिक्टाइन पंडित फेइखो (१६७६–१७६४) याने या नादावर पत्ररूप निबंधात कठोर टीका केली. तिचा फारसा परिणाम झालेला दिसत नाही.

या शोधाचे हत्यार म्हणजे सेंट सिप्रियनच्या नावावर खपणारे जादूचे पुस्तक. १९व्या शतकातील छापील पोर्तुगीज प्रतींत गालिसियातील धनाच्या जागांची यादीच असे. लॅटिन वाचता येते म्हणून एखाद्या पाद्र्याला सोबत नेत. वाचताना भयंकर आकृती दिसतात, आणि वाचलेला मजकूर उलट क्रमाने पुन्हा वाचल्याखेरीज सुटका नाही, अशी समजूत होती. सोने सापडो न सापडो, पुरातत्त्वज्ञांना आज अनेक टेकाडांच्या माथ्यावर जुन्या खोदकामाचा खड्डा तेवढा सापडतो.

संकलन व अभ्यास : कोन्सिलिएरी पेद्रोजो (१८५१–१९१०) याने मोरांना जलाच्या स्त्रीदेवता व धनरक्षक मानले. जुझे लैत द व्हास्कोन्सेलुश (१८५८–१९४१) याने ‘त्रादिसोंयश पोपुलारश द पोर्तुगाल’ (१८८२) यात अनेक समजुती नोंदवल्या. आताइद ओलिव्हैराचा आल्गार्व्हमधील मोरांवरचा ग्रंथ १८९८ चा. कथा सांगताना तो बरेच नटवतो, हे वापरताना लक्षात घ्यावे. मार्तिन्श सार्मेंतो (१८३३–९९) याने उत्खनन केलेल्या ब्रितैरुश येथील ‘पेद्रा फोर्मोजा’ ही कोरीव शिळा एका मोरेने सूत कातत डोक्यावरून आणली, असे गावकरी सांगत. ती प्राचीन स्नानगृहाच्या दर्शनी भागातील असल्याचे आता मानतात. अलीकडच्या अभ्यासांत आलेशांद्र पाराफिता याचा त्राझ-उझ-मोंतिश भागावरील ग्रंथ (२००६) महत्त्वाचा.

प्रसार : ब्राझीलच्या सेआरा राज्यात झेरिकोआकोआरा येथे सर्परूप राजकन्येची कथा आहे. तिच्या पाठीवर मानवी रक्ताने क्रूस काढल्यास ती सुटते, असे कामारा काश्कुदु (१८९८–१९८६) याने नोंदवले आहे. गोव्यात ‘मोरु’ हा शब्द पोचला. कोंकणीत मुसलमानांना ‘मोयर’ म्हणतात तो हाच. सेंट जॉनचा सणही ‘सांजांव’ म्हणून २४ जूनला होतो. डोक्यावर फुलांचे कोपेल (मुकुट) घालून तरुण विहिरीत उड्या घेतात, मात्र त्याचे कारण आई एलिझाबेथच्या उदरात योहानाने (म्हणजे सेंट जॉनने) घेतलेली उडी असे सांगितले जाते. विहिरीतल्या कन्येचा त्यात उल्लेख नसतो. गोवा-कोकणातील राखणदाराशी मोरेची तुलना सहज सुचते, पण ती फार ताणता येणार नाही. राखणदार सहसा पुरुष असतो, तो गाव व वेस सांभाळतो. त्यालाही रोट देतात, पण तो सुटावा म्हणून नव्हे, राखण चालू राहावी म्हणून.