घरगुती फ्रोझन योगर्ट

गोड केलेले दही ढवळत ढवळत गोठवले की जो आंबटगोड, मऊ पदार्थ तयार होतो त्याला फ्रोझन योगर्ट म्हणतात. आइस्क्रीमचा पाया दूध आणि साय, तर याचा पाया दही. त्यामुळे स्निग्धांश कमी आणि चव चटकदार. अमेरिकेत १९७०च्या दशकात हा पदार्थ दुकानांतून विकला जाऊ लागला. १९८१ साली आर्कान्सा राज्यातील लिटल रॉक येथे टीसीबीवाय ही केवळ फ्रोझन योगर्टची दुकानसाखळी सुरू झाली. पॉट आइस्क्रीम आणि मस्तानी यांवर वाढलेल्या पुण्यात तो उशिरा आला. मात्र तो उत्तम जमण्यासाठी जे कसब लागते ते इथल्या स्वयंपाकघरात आधीपासून आहे : दही टांगून चक्का करणे.

पाण्याचा प्रश्न : घरी केलेले फ्रोझन योगर्ट बर्फाळ होते याचे मुख्य कारण दह्यातले पाणी. फुल क्रीम दुधात (६ टक्के स्निग्धांश, ९ टक्के इतर घन पदार्थ) सुमारे ८५ टक्के पाणी असते, टोन्ड दुधात ८८ टक्क्यांच्या आसपास. दही लागल्यावरही ते पाणी तिथेच राहते. एक किलो दह्यात १६० ग्रॅम साखर घालून तसेच गोठवले, तर मिश्रणात जेमतेम २७ टक्के घन पदार्थ असतात आणि उरलेल्या पाण्याचे स्फटिक वाढायला मोकळे रान मिळते. बर्फाचा स्फटिक सुमारे ५० मायक्रॉनपेक्षा मोठा झाला की जिभेला तो खरखरीत जाणवू लागतो. घन पदार्थ ३६ ते ४० टक्क्यांपर्यंत नेले की स्फटिक लहान राहतात आणि पदार्थ मलईदार लागतो. बरेच जण यासाठी थेट क्रीम ओततात. त्याने मऊपणा येतो हे खरे, पण दह्याची चव मागे पडते आणि शेवटी हाती उरते ते आंबट आइस्क्रीम. त्यापेक्षा पाणी काढून टाकणे केव्हाही श्रेयस्कर.

दही लावणे : म्हशीचे किंवा फुल क्रीम दूध एक लिटर घ्यावे. उकळी आल्यावर लगेच गॅस बंद न करता मंद आचेवर दहा मिनिटे ढवळत ठेवावे. इतक्या उष्णतेने दुधातील पाण्यात विरघळलेली प्रथिने उलगडून केसीनला (दुधातल्या मुख्य प्रथिनाला) चिकटतात आणि दही घट्ट, पाणी धरून ठेवणारे लागते. मग दूध ४० ते ४२ अंश सेल्सिअसपर्यंत, म्हणजे बोट बुडवून सहज ठेवता येईल इतके निवू द्यावे आणि एक लहान चमचा ताजे, गोडसर विरजण त्यात नीट मिसळावे. पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यांत चार-पाच तासांत दही लागते. लागताक्षणी ते फ्रिजमध्ये जायला हवे. दुपारभर ओट्यावर राहिले तर इतके आंबते की साखर वाढवूनही तो आंबटपणा झाकला जात नाही. डिसेंबर-जानेवारीत उलट अडचण येते. रात्रीचे तापमान १०-१२ अंशांवर उतरले की भांडे कॅसरोलमध्ये किंवा जाड टॉवेलात गुंडाळून आठ-दहा तास ठेवावे लागते. गवळ्याच्या दुधावर जाड साय येते; ती विरजण लावण्यापूर्वी फेटून दुधातच मिसळावी, नाहीतर पुढे तिच्या गुठळ्या राहतात.

टांगणे : धुतलेल्या, साबणाचा वास नसलेल्या मलमलीत दही बांधून चाळणीत ठेवावे, खाली पातेले लावावे आणि हे सगळे फ्रिजमध्ये ठेवावे. श्रीखंडासाठी चक्का रात्रभर टांगतात. इथे तीन-चार तास पुरतात. वेळेपेक्षा वजनावर लक्ष ठेवावे. एक किलो दह्याचे ६०० ग्रॅम उरले की थांबावे. त्याहून कोरडा चक्का घेतला तर पदार्थ चिकट आणि जड होतो. खाली जमलेले पाणी टाकू नये. कढीला किंवा थालीपिठाचे पीठ भिजवायला ते उत्तम.

दसरा आणि गुढीपाडव्याच्या सुमारास पुण्यात तयार चक्का सहज मिळतो, पण तो श्रीखंडासाठी केलेला असल्याने घट्ट असतो. ४५० ग्रॅम चक्क्यात १५० मिलिलिटर थंड फुल क्रीम दूध मिसळून तो वरच्या प्रमाणाला आणता येतो. आदल्या दिवशीचा असेल तर आधी चाखून पाहावा.

मिश्रण : ६०० ग्रॅम अर्धवट टांगलेले दही, १२० ग्रॅम साखर, ४० ग्रॅम लिक्विड ग्लुकोज, २० ग्रॅम दूध पावडर आणि दोन चिमटी मीठ. एकूण सुमारे ७८० ग्रॅम मिश्रण होते. त्यात घन पदार्थ ३८ टक्के, स्निग्धांश पावणेआठ टक्क्यांच्या आसपास. लिक्विड ग्लुकोज केकचे साहित्य विकणाऱ्या दुकानांत मिळते. ते साखरेपेक्षा कमी गोड असते आणि त्याच्या दाटपणामुळे स्फटिकांची वाढ रोखली जाते. ते न मिळाल्यास ३० ग्रॅम मध घालावा, मात्र मधाची चव लागते. औषधाच्या दुकानातली साधी ग्लुकोज पावडर वेगळी वागते : साखरेच्या तुलनेत तिचा रेणू जवळपास निम्म्या वजनाचा असल्याने तेवढ्याच वजनात ती गोठणबिंदू जवळपास दुप्पट खाली आणते. ती २० ते २५ ग्रॅमच घ्यावी.

साखर चक्क्यात मिसळून अर्धा-पाऊण तास ठेवली की ती विरघळते आणि मिश्रण सैल होते. मग बाकीचे साहित्य घालून सगळे पुरणयंत्रातून बारीक जाळी लावून काढावे किंवा चाळणीवर घासावे. इथे मिक्सर टाळलेला बरा. मे महिन्याच्या उकाड्यात स्निग्ध चक्का मिनिटभर जास्त फिरला तरी लोणी सुटते, त्याचे कण गोठल्यावर मेणचट लागतात आणि ते पुन्हा मिसळता येत नाहीत. तयार मिश्रण थोडे जास्तच गोड लागायला हवे, कारण गारठ्यात जिभेला गोडी कमी जाणवते. शेवटी ते चार तास किंवा रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावे. कोमट मिश्रण यंत्रात घातले तर गोठायला वेळ लागतो, आणि सावकाश गोठलेल्या मिश्रणात स्फटिक मोठे होतात.

दोन दिवसांत संपणार असेल तर दाटपणासाठी आणखी काही घालायची गरज नाही. आठवडाभर ठेवायचे असेल तर एक ग्रॅम ग्वार गम (गवारीच्या बियांची, दाटपणा आणणारी पूड) साखरेत कोरडाच मिसळून घ्यावा. थेट चक्क्यात टाकला तर त्याच्या गाठी होतात.

गोठवणे : सर्वांत चांगला परिणाम ढवळणाऱ्या यंत्राने मिळतो. दुहेरी भिंतीचे भांडे असलेले घरगुती यंत्र वापरायचे तर ते भांडे २४ तास फ्रीझरमध्ये हवे. हलवून पाहावे, दोन भिंतींमधल्या द्रवाचा आवाज आला तर ते अजून तयार नाही. मिश्रण ओतल्यावर २० ते २५ मिनिटांत ते उणे ५-६ अंशांवर येते आणि पात्याला चिकटून फिरू लागते. या टप्प्यावर जवळपास निम्मे पाणी गोठलेले असते. यापुढे यंत्र चालू ठेवण्याने काही साधत नाही.

जुन्या घरांच्या माळ्यावर हाताने फिरवायचा आइस्क्रीम पॉट असेल तर तो जरूर काढावा. बर्फ आणि मीठ यांचे मिश्रण सिद्धांताने उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकते. बादलीत प्रत्यक्ष उणे १० ते १५ मिळते आणि तेवढे पुरेसे आहे. चार किलो फोडलेल्या बर्फाला एक किलो खडे मीठ, बर्फ आणि मीठ थराथराने. आतला डबा दोन तृतीयांशच भरावा, कारण घुसळताना हवा शिरून मिश्रण फुगते. पहिली पाच मिनिटे दांडा सावकाश, मग वेगाने आणि न थांबता फिरवायचा. दांडा जड होऊन हाताला रेटा लागू लागला की झाले. झाकण उघडण्याआधी त्याच्या कडा फडक्याने पुसाव्यात; खाऱ्या पाण्याचे चार थेंब आत पडले तरी सगळा डबा वाया जातो.

यंत्र नसेल तर पसरट स्टीलच्या डब्यात मिश्रण गोठवून दर ४५ मिनिटांनी काढून फेटण्याची रीत सांगितली जाते. ती चालते, पण कडांना स्फटिक राहतातच. त्यापेक्षा मिश्रण बर्फाच्या ट्रेमध्ये पूर्ण गोठवावे, पाच मिनिटे बाहेर ठेवावे आणि दोन चमचे थंड दूध घालून मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवावे. गारठलेले असल्याने या वेळी लोणी सुटत नाही. हे लगेच खाण्यासाठी उत्तम, साठवणीसाठी तितकेसे नाही.

फळे : फळ म्हणजे पुन्हा पाणी. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी साधारण डिसेंबर ते मार्च मंडईत मिळते, आणि तिच्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असते. ३०० ग्रॅम स्ट्रॉबेरी ६० ग्रॅम साखरेत शिजवून १८० ग्रॅमपर्यंत आटवावी, पूर्ण गार करावी आणि मगच मिश्रणात घालावी. मूळ मिश्रणातली साखर तेवढ्या हिशेबाने ३०-४० ग्रॅम कमी करावी. हापूसचा रस मंद आचेवर थोडा आटवला तरी पुरतो.

पुरंदर तालुक्यातून येणारी दोन फळे इथे अगदी उलट वागतात. ताज्या अंजिरात प्रथिने तोडणारे फायसिन नावाचे विकर (एन्झाइम) असते. कच्चे अंजीर दह्यात घातले तर काही तासांत मिश्रण पातळ आणि कडवट होते. म्हणून अंजीर उकळी येईपर्यंत शिजवूनच वापरावे. पपई आणि अननसालाही हाच नियम. सीताफळाचा गर मात्र आचेवर ठेवला की कडू होतो. तो कच्चाच, बिया काढून, गोठवण्याच्या शेवटच्या पाच मिनिटांत घालावा. सीताफळात स्वतःची साखर भरपूर असते, त्यामुळे १५० ग्रॅम गराला मिश्रणातली साखर २५ ग्रॅमने घटवावी.

काय बिघडते : दगडासारखे कडक झाले तर साखर कमी पडली. डाएट म्हणून साखर निम्मी करण्याचा हा हमखास परिणाम, कारण साखरच काही पाणी न गोठता द्रव ठेवते. उलट, फ्रीझरमध्ये रात्रभर राहूनही चमच्यावरून ओघळत असेल तर साखर जास्त झाली. श्रीखंड फ्रीझरमध्ये ठेवून फ्रोझन योगर्ट होत नाही त्याचे कारणही हेच. जिभेवर वाळूसारखी कचकच, जी चघळल्यावरही लगेच विरघळत नाही, ती बर्फाची नसून लॅक्टोजची, म्हणजे दुधातल्या साखरेची असते. दूध पावडरीत जवळपास निम्मे लॅक्टोज असते आणि ती जास्त झाली की त्याचे स्फटिक बनतात. २० ग्रॅमवर न जाण्याचे कारण तेच.

साठवण : यंत्रातून काढलेले मिश्रण आधीच गार केलेल्या पसरट डब्यात भरावे, पृष्ठभागावर बटर पेपर चिकटवावा आणि डबा फ्रीझरच्या तळाशी, मागच्या भिंतीकडे चार तास ठेवावा. दरवाजाजवळ ठेवू नये. प्रत्येक उघडझापीला वरचा थर किंचित वितळतो, पुन्हा गोठतो आणि स्फटिक वाढत जातात. एका दाराच्या फ्रिजमधला फ्रीझर बऱ्याचदा उणे १८ अंशांपर्यंत पोहोचत नाही, म्हणून आदल्या रात्रीच तो सर्वांत थंड खुणेवर ठेवावा. वाढण्यापूर्वी डबा १५-२० मिनिटे खालच्या कप्प्यात ठेवला की चमचा सहज जातो. उन्हाळ्यात वीज जाऊन डब्यातले योगर्ट वितळले, पण अजून गार असेल, तर तसेच परत गोठवू नये. फेटून, पुन्हा फ्रिजमध्ये थंड करून यंत्रातून दुसऱ्यांदा काढावे.