ताण कुणी घ्यायचा? दगडी तुळईपासून सळईच्या रिंगेपर्यंत

खोलीच्या स्लॅबमध्ये मुख्य सळई तळाशी असते. तोच स्लॅब खोलीबाहेर गॅलरी म्हणून निघाला, किंवा खिडकीवर छज्जा काढला, की मुख्य सळई माथ्याशी लागते. साइटवर नवा आलेला मुलगा इथे हमखास चुकतो. सळया बांधणारा जुना फिटर बरोबर बांधून जातो, पण काँक्रीट ओतताना घमेली घेतलेली माणसं त्याच जाळीवरून चालतात आणि सळया दबून खाली बसतात. वरून काही कळत नाही. सेंट्रिंग, म्हणजे ओल्या काँक्रीटखालचा फळ्यांचा आधार, काढल्यावर असा छज्जा भिंतीच्या कडेला तडकून खाली आलेला मी पाहिला आहे. नशिबाने खाली वाळूचा ढीग होता. तुटलेल्या तोंडाशी बसून बघितलं, तर सळई होती, हवी तेवढी होती, फक्त दोन इंच खाली होती.

दोन टोकांवर टेकलेली फळी मधोमध वाकली की तिचा माथा दाबला जातो आणि तळ ताणला जातो. भिंतीतून बाहेर काढलेल्या फळीचं उलटं. ती टोकाशी झुकते म्हणून तिचा माथा ताणला जातो. काँक्रीट दाब भरपूर सोसतं, ताण मात्र त्याच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढाच. दगडाचा आणि विटेचा स्वभावही तोच. बांधकामाचा इतिहास राजांच्या नावाने किंवा शैलींच्या नावाने सांगतात. मला तो एकाच प्रश्नाभोवती फिरताना दिसतो: ताण कुणी घ्यायचा?

जुन्या लोकांचं उत्तर होतं, ताण येऊच द्यायचा नाही. आलाच तर थोडा येऊ द्यायचा. आपल्याकडच्या हेमाडपंती देवळांत चुना नाही. घडीव दगडावर घडीव दगड. (नाव यादवांचा प्रधान हेमाद्री याचं, पण तशी बांधणी त्याच्या आधीपासूनची आहे. अंबरनाथचं देऊळ १०६० सालचं, हेमाद्री तेराव्या शतकातला.) या देवळांत खांब इतके दाट का, असं पुष्कळांना वाटतं. दगडी तुळई लांब केली की तिच्या तळाला चीर जाते, आणि दगड तुटताना आधी वाकून सूचना देत नाही. म्हणून खांब जवळ आणायचे आणि खांबाच्या डोक्यावर चारी बाजूंना हस्त, म्हणजे पुढे आलेले दगडी आधार, काढायचे, म्हणजे तुळईचा अधांतरी भाग आणखी कमी होतो. त्या हस्तांवर कोरलेले भारवाहक यक्ष दिसायला शोभेचे, पण बसवले आहेत अगदी कामाच्या जागी.

छत झाकायचं तर प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा आत काढत न्यायचा. खिद्रापूरच्या कोपेश्वराचा स्वर्गमंडप बघावा. वर्तुळाकार थर आत आत येत जातात आणि मधोमध आभाळ उघडंच राहतं. आत कोसळू पाहणारा प्रत्येक दगड शेजारच्या दगडांना दाबतो आणि कडं आपोआप आवळतं. कड्यातल्या दगडांना एकमेकांचाच आधार असल्यामुळे वरचं भोक बंद करायची गरजच पडत नाही.

लेण्यांची गोष्ट वेगळी. कार्ल्याच्या चैत्यगृहात छताला लाकडी वासे आजही आहेत. डोंगर आतून कोरलेला, त्याला वाशांच्या आधाराची गरज नव्हती. लाकडी घराची सवय दगडात तशीच राहिली, एवढंच.

कमान आणि घुमट आल्यावर मोठी जागा खांबांशिवाय झाकता आली, पण नवं दुखणं सुरू झालं. कमान भार खाली नेते तशी पाय बाहेरही फाकवते. गोल घुमटाचंही तेच: माथ्याकडे सगळा दाब, आणि बुडाशी फाकायची ओढ. त्या ओढीने बुडाभोवती आडवा ताण येतो आणि घुमटाला उभ्या चिरा जातात. भिंती जाड करणं हा त्यावरचा सोपा उपाय. विजापूरच्या गोलघुमटात त्यापेक्षा हुशार उपाय आहे.

मुहम्मद आदिलशहाची ही कबर. त्याच्या मृत्यूच्या साली, १६५६ मध्ये, काम थांबलं. आतली चौरस खोली प्रत्येक बाजूला सुमारे ४१ मीटर, आणि वरचा घुमट आतून सुमारे ३८ मीटर व्यासाचा. एवढ्या चौकोनावर गोल बसवायचा कसा? भिंतींतून आठ टोकदार कमानी उठतात आणि एकमेकींना छेदत जातात. दोन चौकोन एकमेकांवर तिरपे ठेवले की आठ कोनांची चांदणी होते, तशी ही रचना आहे. कमानींच्या मधले तिकोनी भाग आत झुकत जाऊन वर गोल कठडा तयार करतात. घुमट भिंतीच्या रेषेवर बसत नाही. तो भिंतीच्या आत, या झुकलेल्या दगडकामावर बसतो. आता हिशेब बघा. घुमटाचं बूड बाहेर फाकायला बघतं, आणि त्याच्याखालचं हे अवजड दगडकाम आत कलायला बघतं. दोघं एकमेकांना धरून ठेवतात. घुमटाच्या आतून फिरणारा सुमारे साडेतीन मीटर रुंदीचा सज्जा याच आत आलेल्या भागावर आहे. लोक तिथे चढतात, टाळी वाजवतात, प्रतिध्वनी मोजतात आणि उतरतात. खाली उभं राहून कोपऱ्याकडे मान वर करून बघणारे थोडे. मला तरी टाळीपेक्षा कोपराच जास्त बोलका वाटतो.

हे सगळं अनुभवातून आलेलं ज्ञान होतं. त्याला गणित मिळायला सुरुवात त्याच शतकात युरोपात झाली. गॅलिलिओने १६३८ मध्ये, नजरकैदेत असताना, तुळईचा प्रश्न छापून मांडला. त्याच्या चित्रात भिंतीतून बाहेर आलेली एक लाकडी तुळई आहे आणि टोकाला वजन लटकतं आहे. म्हणजे आपला छज्जाच. ताण माथ्याला येतो हे त्याने ओळखलं. चूक एवढीच की तुळईचा सगळा छेद ताणला जातो असं त्याने धरलं. तळाशी दाब येतो हे त्याच्या हिशेबातून निसटलं. ती चूक दुरुस्त होऊन सूत्र सगळ्यांच्या हाती यायला जवळजवळ दोनशे वर्षं गेली. १८२६ मध्ये फ्रान्समध्ये नाविए या इंजिनिअरची व्याख्यानं छापली गेली तेव्हा एका अंगाला दाब, दुसऱ्या अंगाला ताण आणि मध्ये दोन्ही नसलेली रेषा हे चित्र पक्कं झालं.

कमानीचा उलगडा रॉबर्ट हुकने १६७५ मध्ये केला. दोन खुंट्यांना साखळी सैल बांधा. ती ज्या आकारात लोंबते त्यात तिच्यात फक्त ताण असतो. तोच आकार उलटा करून उभा केला की त्यात फक्त दाब राहतो. कपडे वाळत घालायच्या दोरीत कमानीचं शास्त्र आहे, असं म्हणायला हरकत नाही. रोमच्या सेंट पीटरच्या घुमटाला चिरा गेल्या तेव्हा पोलेनी या इटालियन गणित्याने १७४० च्या दशकात वजनं लावलेली अशीच साखळी लटकवून घुमटाचा आकार तपासला. बुडाभोवतीच्या ताणासाठी मग लोखंडी साखळदंड आवळले गेले. दगडाला जे जमत नाही ते लोखंडाने करायचं, ही पुढच्या गोष्टीची नांदी होती.

मुंबईत ती गोष्ट डोळ्यांनी दिसते. काळा घोड्याजवळचं वॉटसन हॉटेल १८६० च्या दशकात उभं राहिलं. त्याचे लोखंडी खांब आणि तुळया इंग्लंडमध्ये बनवून जहाजाने आणल्या आणि इथे जोडल्या. भिंती फक्त मधली जागा भरायला. भार सगळा सांगाड्यावर. पुण्याच्या वाड्यातल्या सुताराला यात फार नवल वाटलं नसतं. उथळ्यावर खांब, खांबावर तुळई, तिच्यावर कडीपाट: तोही सांगाडाच, फक्त सागवानी.

काँक्रीटमध्ये लोखंड घालायची कल्पना एका माळ्याकडून पुढे आली. फ्रान्समधल्या जोसेफ मोनिएने १८६७ मध्ये तारेच्या जाळीवर सिमेंट थापलेल्या कुंड्यांचं पेटंट घेतलं. जोडी जमली ती स्वभावामुळे. काँक्रीट दाब घेतं, लोखंड ताण घेतं, दोघं एकमेकांना घट्ट धरतात आणि उन्हाने जवळपास सारखीच प्रसरण पावतात, म्हणून सुटी होत नाहीत. १८९२ मध्ये हेनेबिकने मुख्य सळईभोवती लोखंडी पट्ट्यांचे आकडे घातले. आजच्या रिंगांचे ते पूर्वज. १९३० च्या दशकात मरीन ड्राइव्हवर गोलाकार गॅलऱ्यांच्या इमारती उभ्या राहिल्या त्या याच जोडीवर. दगडाला न पेलणारी अधांतरी गॅलरी आता मजल्यामजल्यावर आली. खाऱ्या हवेने सळई गंजली की गंज फुगतो आणि वरचं कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, फोडतो, हा धडा मुंबईला मागाहून मिळाला.

इथवर भार एकाच दिशेने, खाली, जात होता. आडव्या धक्क्याचा विचार महाराष्ट्रात उशिरा आला, कारण दख्खनचं पठार अचल आहे अशी समजूत होती. आयएस १८९३ ही भूकंपासाठीच्या बांधकामाची भारतीय संहिता १९६२ मध्ये निघाली, आणि तिच्या नकाशात कोयनेचा भाग शून्य विभागात, म्हणजे जवळपास धोका नसलेल्या भागात, होता. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेला ६.३ ते ६.५ तीव्रतेचा भूकंप झाला. १०३ मीटर उंचीचं धरण टिकलं, पण वरच्या भागात, जिथे मागच्या अंगाचा उतार बदलतो नेमका तिथे, त्याला आडव्या चिरा गेल्या. १९७० मध्ये नकाशातून शून्य विभागच काढून टाकला.

किल्लारी मात्र नव्या नकाशातही सर्वांत कमी धोक्याच्या विभागात राहिलं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीची पहाट. तिथल्या भिंती हातभर जाड, काही त्याहून जाड. बाहेरून एक दगडी थर, आतून दुसरा, मध्ये माती आणि खडे. दोन्ही थरांना शिवणारा आरपार दगड, म्हणजे गवंड्यांचा थ्रू, फारसा नव्हता. वर माळवद, आणि गळू नये म्हणून वर्षानुवर्षं चढवलेली माती. खाली जाणारा भार या घरांनी पिढ्यानपिढ्या पेलला होता. आडव्या धक्क्याने दोन्ही थर सुटे होऊन ढासळले आणि हजारो माणसं गेली. जिथे माळवदाखाली लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा होता, तिथे अनेक घरांचं छत उभं आणि भोवतीच्या भिंती पडलेल्या, असं दृश्य होतं.

त्याच वर्षी आयएस १३९२० ही संहिता आली. काँक्रीटचा सांगाडा भूकंपात तडकला तरी एकदम कोसळू नये, वाकून वेळ द्यावा, यासाठी सळया कशा बांधायच्या ते तिच्यात आहे. त्यातली एक अट कॉलमच्या रिंगेची. रिंगेचं टोक ९० अंशात वाकवून चालत नाही. ते १३५ अंशात वळवून कॉलमच्या पोटात न्यायचं. भूकंपात वरचं कव्हर झडतं, तेव्हा ९० चा आकडा उघडतो, रिंग सैल पडते आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. पोटात शिरलेला आकडा धरून राहतो.

फिटरला ९० चा आकडा एका झटक्यात मारता येतो. १३५ साठी हात अजून फिरवावा लागतो, आणि अशी रिंग उभ्या सळयांवरून सरकवताना अडते. म्हणून शटरिंगच्या फळ्या लागायच्या आधी मी कॉलमच्या रिंगांचे आकडे बोटाने चाचपत खालून वर जातो. दोन-चार ठिकाणी बोट बाहेरच्या टोकाला लागतंच. मग फिटर पान्याने ते आत वळवतो, वैतागून, आणि माझ्याकडे न बघता.