घरच्या फोटोंमागची रसायने : नाशिकमधील एका अभ्यासप्रकल्पाची पार्श्वभूमी

नाशिकमध्ये छायाचित्रण शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने घरातील चार पिढ्यांचे फोटो गोळा केले आहेत. ते तिने नात्यांनुसार न लावता, ज्या प्रक्रियेने प्रत्येक फोटो तयार झाला त्या प्रक्रियेनुसार लावायला घेतले आहेत. ही मांडणी वरवर रूक्ष वाटते. परंतु जुन्या फोटोत माणसे अशी ताठ का बसली, कपाळावरचे कुंकू काळे का दिसते, याची उत्तरे स्वभावापेक्षा काच, कागद आणि उजेड यांच्या हिशेबात अधिक सापडतात.

छायाचित्रणाची कला १८३९ मध्ये पॅरिस आणि लंडन येथे जाहीर झाली आणि पुढच्या दीड दशकात मुंबईत रुजली. १८५४ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या फोटोग्राफिक सोसायटीत भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे भारतीय सभासदही होते. त्या काळी फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेली ओल्या कलोडियनची पद्धत चाले. तीत काचेवर कलोडियन हे चिकट द्रावण ओतून ती सिल्व्हर नायट्रेट या चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची आणि ओली असतानाच फोटो काढून धुवायची, त्यामुळे डार्करूमचा तंबू सोबत बाळगावा लागे. हा सरंजाम उचलून आणणारे लोक शिल्पे व देखाव्यांसाठी येत. १८६५ मध्ये थळ घाटातून रेल्वे सुरू झाल्यावर नाशिकला पोहोचणे सोपे झाले, तरी त्या काळातील नाशिकच्या उपलब्ध चित्रांत पांडवलेणी आणि गोदाघाट अधिक, घरातली माणसे थोडी दिसतात.

कुटुंबाची नोंद ठेवण्याचे काम तेव्हा वेगळ्याच साधनाकडे होते. रामकुंडावर येणाऱ्या यजमानाचे नाव, गाव, मुलेबाळे आणि सोबत आलेली मंडळी तीर्थोपाध्याय आपल्या नामावळीत उतरवून घेत, आणि आजही कित्येक घराण्यांना आपल्या पणजोबांचे हस्ताक्षर तेथे पाहायला मिळते. चेहरा नाही, पण पिढ्यांची साखळी पक्की, असा हा दस्तऐवज. फोटोंच्या मागे काहीच लिहिलेले नसते तेव्हा तारखेचा अंदाज बांधायला या नोंदींचा उपयोग होतो, आणि या प्रकल्पात तो व्हायला हवा असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

ओल्या काचेची जागा घेणारी जिलेटिनची कोरडी काच रिचर्ड मॅडॉक्स याने १८७१ मध्ये सुचवली. पुढे ती तयार विकत मिळू लागली, तसा स्टुडिओचा धंदा सोपा झाला. फोटोचा कागद त्याआधी अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप देऊन बनत असे. जिलेटिन तर हाडे व कातडी उकळून काढलेले. सोवळे कडक पाळणाऱ्या घरांच्या भिंतींवर हे काय टांगले जात होते, याची त्या घरांना कितपत कल्पना होती कोण जाणे! त्या वेळच्या काचा प्रामुख्याने निळ्या प्रकाशाला, आणि नंतरच्या हिरव्यालाही, प्रतिसाद देत. लाल रंग त्यांना जवळजवळ दिसतच नसे. म्हणून कुंकवाची चिरी त्या फोटोत शाईच्या ठिपक्यासारखी काळी उमटते आणि निळे लुगडे पांढुरके दिसते. सर्व रंगांना संवेदनशील असलेली पँक्रोमॅटिक फिल्म १९२० नंतरच्या काळात रुळली. कुंकू काळे असेल तर फोटो बहुधा त्याआधीचा, हा ठोकताळा अचूक नसला तरी कामाचा आहे.

या प्रक्रियांशी नाशिकचा सर्वांत ठळक संबंध दादासाहेब फाळके यांचा. १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या फाळक्यांनी बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रण शिकून गोध्र्यात फोटोग्राफीचा व्यवसाय केला. फोटो काढल्याने आयुष्य घटते अशी समजूत तेव्हा काही लोकांत होती. पुढे वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चौकट टिपून त्यांनी पडद्यावर दाखवली, आणि १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’नंतर चित्रनिर्मितीचे बिऱ्हाड नाशिकला हलवले.

स्वातंत्र्योत्तर काळात फोटो स्टुडिओबाहेर आला. ‘आग्फा क्लिक थ्री’सारख्या स्वस्त कॅमेऱ्यात १२० क्रमांकाच्या रोलवर बारा चौकोनी फोटो निघत. बाराच मिळणार म्हटल्यावर ते बारसे, मुंज, लग्न यांसाठीच राखून ठेवले जात, आणि रोज चुलीपुढे असणारी बाई अल्बममध्ये सणासुदीलाच, तेही कडेला दिसते. स्थळाला पाठवायचा फोटो मात्र स्टुडिओतच काढायचा; पडद्यापुढे, हातात पुस्तक किंवा शेजारी फुलदाणी. तो कृष्णधवल असेल तर वर ब्रशने काठ आणि ओठ रंगवून मिळत.

विद्यार्थिनी स्वतः जॉन हर्शेलची १८४२ ची सायनोटाइप पद्धत वापरते. लोहक्षारांचा लेप दिलेला कागद उन्हात ठेवून पाण्यात धुतला की निळे चित्र उमटते. अंधारी खोली फारशी लागत नाही आणि नाशिकचे ऊन फुकट आहे.

तिच्या संग्रहात खरी घाई करायला हवी ती रंगीत फोटोंची. जुन्या, चांदीच्या क्षारांवर बनलेल्या कृष्णधवल प्रतींवर दमटपणामुळे गडद भागात निळसर चकाकी येते, पण चेहरा राहतो. १९७० आणि १९८० च्या दशकांतील रंगीत प्रतींमधले निळे रंजकद्रव्य मात्र अल्बममध्ये अंधारात असतानाही विरत जाते आणि सगळे लग्नघर तांबूस होते. त्यामुळे स्कॅनिंगला आरंभ पणजीच्या फोटोपासून न करता आईवडिलांच्या लग्नाच्या अल्बमपासून करावा.