मोरचूद, शिंग आणि गंधक : ऑरगॅनिक, बायोडायनॅमिक आणि नॅचरल वाइनची पार्श्वभूमी

निफाडजवळ माझ्या मामांची द्राक्षबाग आहे, बहुतेक खायची द्राक्षं आणि दोन एकर शिराझ वाइनरीसाठी. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लांबला की मामांच्या नखांत निळा रंग बसतो तो दिवाळीपर्यंत निघत नाही, मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) आणि कळीचा चुना कालवून फवारल्याचा. लहानपणापासून बघितलेलं, त्यामुळे वाटायचं हे आपल्याकडचंच जुनं औषध. पण त्याचं नाव बोर्डो मिश्रण, आणि ते बोर्डो म्हणजे फ्रान्समधलं वाइनचंच बोर्डो. ऑरगॅनिक, बायोडायनॅमिक, नॅचरल हे जे तीन शब्द आता नाशिकच्या टेस्टिंग रूमपासून पुण्यातल्या दुकानांपर्यंत सगळीकडे ऐकू येतात आणि बहुतेक लोक एकाच अर्थाने वापरतात, त्यांची गोष्ट त्या निळ्या फवाऱ्यापासून सांगितली तरच नीट कळते असं माझं मत आहे.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून आणलेल्या वेलींसोबत युरोपात एकामागून एक संकटं आली. आधी भुरी, पानांवर-घडांवर पांढरी पूड दिसणारी बुरशी, तिने १८५४ साली फ्रान्सचं पीक पार झोपवलं आणि गंधकाची भुकटी धुरळणं हा तिच्यावरचा उपाय ठरला. मग १८६० च्या दशकात फिलॉक्सेरा, मुळांवर जगणारी माव्यासारखी बारीक कीड, तिने बागाच्या बागा वाळवल्या आणि तिच्यावर धड औषध सापडलंच नाही, शेवटी अमेरिकन खुंटावर युरोपियन वेलीचं कलम बांधायला लागलं आणि जगात बहुतेक ठिकाणी आजही तेच चालतं. (आपल्याकडचा डॉगरिज खुंटही अमेरिकन रानवेलीचाच, फक्त आपण तो मुख्यतः पाण्याची ओढ आणि क्षारपड जमीन सोसतो म्हणून वापरतो.) आणि १८७८ मध्ये डाऊनी, म्हणजे ओल्या हवेत पानं-घड खाणारा केवडा रोग. बोर्डो विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मिलार्दे १८८२ मध्ये सँ-ज्युलियँ गावाजवळून जात होते तेव्हा त्यांना दिसलं की सगळीकडे पानं गळालीत पण रस्त्याकडेच्या ओळी मात्र हिरव्यागार आहेत. चौकशी केली तर कळलं की येणाऱ्या-जाणाऱ्याने घड तोडू नयेत म्हणून बागवाले कडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना मारतात, विषारी दिसावं म्हणून! त्यावर प्रयोग करून त्यांनी १८८५ मध्ये मिश्रण जाहीर केलं आणि तेच आज मामांच्या पंपात असतं.

हे एवढं लांबवून सांगतोय कारण ऑरगॅनिक प्रमाणपत्र असलेल्या बागेतसुद्धा हे मिश्रण चालतं, गंधकही चालतो. ऑरगॅनिक म्हणजे फवारणीच नाही हा समज साफ चुकीचा आहे. ऑरगॅनिकमध्ये कृत्रिम रसायनं बंद, म्हणजे तणनाशक, आंतरप्रवाही बुरशीनाशकं, युरिया वगैरे सगळं बंद, पण तांबं आणि गंधक चालतात. आणि तांबं जमिनीत साचत जातं, गांडुळांना ते मानवत नाही, म्हणून युरोपियन युनियनने २०१९ पासून हेक्टरी सात वर्षांत मिळून २८ किलो एवढी मर्यादा घातली, म्हणजे सरासरी वर्षाला ४ किलो. मी मामांना विचारलं होतं की नुसत्या मोरचुदावर बाग निघेल का, तर म्हणाले, "कोरड्या सालात निघेल रे, पण फुलोऱ्यात चार दिवस झड लागली तर मला काय करायचं ते तू सांग." ओल्या हवेत डाऊनी दोन-तीन दिवसांत घड काळे करते हे ज्याने बघितलंय त्याला ऑरगॅनिक बागवाल्याच्या जिद्दीची किंमत कळते, म्हणून त्या बाटलीचे चार पैसे जास्त पडले तर मला ते गैर वाटत नाही.

आता मूळ विचाराकडे येतो. पहिल्या महायुद्धाआधी जर्मनीत हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करायचं तंत्र निघालं, युद्धानंतर तेच कारखाने खताकडे वळले, आणि काही वर्षांतच तिथले शेतकरी म्हणायला लागले की बियाणं पूर्वीसारखं जोमदार राहिलं नाही, जनावरं आजारी पडतात. अशा शेतकऱ्यांनी रुडॉल्फ स्टायनर यांना गळ घातली आणि जून १९२४ मध्ये कोबेरविट्झ या गावी, आज ते पोलंडमध्ये आहे, एका सरदाराच्या वाड्यावर त्यांनी आठ व्याख्यानं दिली. तिथून बायोडायनॅमिक शेती सुरू झाली. स्टायनर शेतकरी नव्हते, तत्त्वज्ञ होते, आणि दारूबद्दल त्यांचं मत अजिबात चांगलं नव्हतं, तरी आज त्यांचं नाव सर्वात जास्त वाइनच्या बाटल्यांमुळे घेतलं जातं. पुढच्याच वर्षी ते वारले. डिमीटर हे त्या शेतीचं प्रमाणचिन्ह १९२८ पासूनचं, म्हणजे आजच्या सगळ्या ऑरगॅनिक लोगोंपेक्षा किती आधीचं बघा.

त्याच १९२४ साली इकडे आपल्या इंदूरला, होळकरांच्या राज्यात, आल्बर्ट हॉवर्ड यांनी शेती संशोधनाची संस्था सुरू केली. हॉवर्ड १९०५ मध्ये बिहारमधल्या पुसा इथे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आले होते, आणि आले होते शिकवायला पण आजूबाजूच्या शेतकऱ्यांची रोगमुक्त पिकं बघून स्वतःच शिकायला लागले, इथले शेतकरी आणि पिकांवरची कीड हेच आपले गुरू असं ते पुढे लिहायचे. इंदूरला काडीकचरा, शेण, गोठ्यातली मुतारीची माती आणि राख यांचे थर लावून, ठरलेल्या दिवशी उलथून, साधारण तीन महिन्यांत खत तयार करायची जी पद्धत त्यांनी बसवली ती जगभर इंदूर पद्धत म्हणून गेली. तिच्यावरचं १९३१ चं पुस्तक हॉवर्ड आणि यशवंत वाड अशा दोघांच्या नावावर आहे, आणि हे वाड नाव कुठेच घेतलं जात नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. नंतर इंग्लंडात लॉर्ड नॉर्थबोर्न यांनी १९३९ मध्ये केंटमधल्या आपल्या शेतावर बायोडायनॅमिकवाल्यांची परिषद भरवली आणि १९४० च्या पुस्तकात ऑरगॅनिक शेती हा शब्द वापरला, त्यात शेत म्हणजे एक जिवंत देह ही कल्पना होती. म्हणजे ऑरगॅनिक हे बायोडायनॅमिकचं सौम्य रूप नाही आणि उलटही नाही, एक धारा कोबेरविट्झची, दुसरी इंदूरच्या खतखड्ड्यातली, आणि दोन्ही इंग्लंडात एकमेकींना भेटल्या. परदेशी बाटलीवर ऑरगॅनिक वाचताना आपण हे पाहुण्यांचं काहीतरी वाचतोय असं समजायचं कारण नाही.

बायोडायनॅमिकमध्ये जादा काय, तर आधी ऑरगॅनिकचे सगळे नियम आणि त्यावर स्टायनरांनी सांगितलेली खास मिश्रणं. त्यांतलं ५०० नंबरचं मी जवळून बघितलंय. व्यालेल्या गाईच्या शिंगात ताजं शेण ठासून पावसाळा संपताना पुरतात आणि थंडी सरली की उकरतात. एका शेतावर उकरलेलं शिंग हातात घेतलं तर आत शेणाचा वास नावालाही नाही, काळसर, किंचित ओलसर, पहिल्या पावसात रानात येतो तसला वास. त्यातलं एकरी २५ ग्रॅमच्या आसपास घेऊन कोमट पाण्यात तासभर ढवळतात, एका बाजूने भोवरा पडेपर्यंत, मग एकदम उलट्या बाजूने, पुन्हा उलट, आणि संध्याकाळी जमिनीवर शिंपडतात. ५०१ मध्ये शेणाऐवजी गारगोटीची पूड असते आणि ते पानांवर जातं. शिवाय चंद्राच्या राशीप्रमाणे मुळाचे, पानाचे, फुलाचे आणि फळाचे दिवस, हे मात्र स्टायनरांचं नाही, मारिया थून यांनी १९६० च्या दशकात रूढ केलेलं पंचांग.

याला शास्त्राचा आधार आहे का? कॅलिफोर्नियात मर्लोच्या (रेड वाइनच्या द्राक्षाच्या) एका बागेत १९९६ पासून अर्धे तुकडे ऑरगॅनिक आणि अर्धे बायोडायनॅमिक ठेवून बघितलं, २००५ मध्ये निष्कर्ष छापले, जमिनीच्या पोतात फरक निघाला नाही, द्राक्षांत थोडासा निघाला. माझं प्रामाणिक मत असं की शिंगाची शक्ती सिद्ध झालेली नाही, पण जो माणूस तासभर हाताने पाणी ढवळतो आणि रोज ओळीओळीत फिरतो तो डाऊनीचा पहिला डाग इतरांपेक्षा लवकर बघतो, आणि चांगल्या वाइनचं निम्मं काम तिथेच होतं. फ्रान्समधल्या लुआर खोऱ्यातले निकोला जोली घ्या, अमेरिकेतल्या बँकेची नोकरी सोडून १९७० च्या दशकात घरच्या बागेत आले, आधी सल्लागाराचं ऐकून तणनाशकं मारली, दोनच वर्षांत मातीचा रंग बदलला आणि किडे-पाखरं नाहीशी झाली असं ते स्वतः सांगतात, मग १९८४ पर्यंत कुले द सेराँ ही आपली सगळी बाग बायोडायनॅमिक केली. ती बाग सिस्टर्शियन मठवासीयांनी ११३० मध्ये लावलेली.

नॅचरलची गोष्ट मात्र बागेतली नाही, तळघरातली आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर बागेत जसं रसायन आलं तसं वाइनरीत पाकिटातलं यीस्ट आलं, यीस्टला खायला अमोनियम फॉस्फेट, आंबटपणा कमी पडला तर टार्टरिक ॲसिड, तुरटपणाला टॅनिनची पूड, गाळायला बेंटोनाइट नावाची माती किंवा पूर्वीपासूनचा अंड्याचा पांढरा, आणि तसाच जुना सल्फर डायऑक्साइड ठिकठिकाणी (वाइन टिकवणारा गंधकाचा वायू, लेबलवर त्यालाच सल्फाइट म्हणतात). हे सगळं कायदेशीर आहे आणि यातलं बरंचसं निरुपद्रवी आहे, पण त्यामुळे वेगवेगळ्या गावच्या वाइन एकसारख्या लागायला लागल्या. फ्रान्समधल्या बोजोले भागातले झ्यूल शोव्हे यांना हे खटकलं. १९०७ चा जन्म, धंद्याने वाइनचे व्यापारी आणि मनाने रसायनशास्त्रज्ञ, बर्लिनच्या नोबेलविजेत्या ओटो वारबुर्ग यांच्या संपर्कात असलेले. गंधक न घालता वाइन टिकवायची असेल तर द्राक्ष निरोगी हवं, त्यावर जिवंत यीस्ट हवं म्हणजे बागेत विष नको, सडका मणी एकही नको, थंडावा हवा आणि रोज सूक्ष्मदर्शकाखाली नमुना बघायला हवा, असं त्यांचं म्हणणं. लोक नॅचरल म्हणजे काही न करता सोडून दिलेली वाइन समजतात, त्यांनी शोव्हेंचा सूक्ष्मदर्शक आठवावा. मॉर्गाँ गावचे मार्सेल लापियेर १९८० च्या सुमारास त्यांच्याकडून शिकले, मग फोयार, तेव्हने आणि ब्रेतों हे त्यांचे शेजारी, आणि तिथून पॅरिसच्या छोट्या बारमधून हे लोण जगभर गेलं. इटलीत योस्को ग्राव्नर तर २००० साली थेट जॉर्जिया या देशात गेले आणि जमिनीत पुरलेल्या मातीच्या रांजणात सालांसकट पांढरी द्राक्षं आंबवायला लागले. जॉर्जियात वाइनचे अवशेष सुमारे ८००० वर्षांपूर्वीचे सापडलेत, तिथे ही पद्धत घराघरात चालूच होती.

कायदा या सगळ्याच्या मागून धावत आला. युरोपात २०१२ पर्यंत ऑरगॅनिक वाइन असं लिहिताच येत नव्हतं, फक्त ऑरगॅनिक द्राक्षांची वाइन, कारण तळघराचे नियमच ठरले नव्हते. २०१२ च्या हंगामापासून ड्राय रेडला लिटरला १०० मिलिग्रॅम आणि व्हाइटला १५० सल्फाइटची कमाल मर्यादा आली, साध्या वाइनला ती १५० आणि २०० आहे. अमेरिकेत ऑरगॅनिक वाइन लिहायचं तर वरून सल्फाइट घालायचंच नाही, म्हणून तिथले बरेच चांगले उत्पादक ऑरगॅनिक द्राक्षांपासून एवढंच लिहितात. आणि नॅचरल या शब्दाला फ्रान्समध्येसुद्धा २०२० पर्यंत सरकारमान्य अशी व्याख्या नव्हती, त्या वर्षी व्हँ मेतोद नात्यूर ही सनद आली: प्रमाणित ऑरगॅनिक द्राक्षं, हाताने तोडणी, पाकिटातलं नव्हे तर द्राक्षावरचंच यीस्ट, आणि सल्फाइट शून्य किंवा ३० मिलिग्रॅमच्या आत.

सल्फाइटमुळे डोकं दुखतं म्हणून नॅचरल घेणाऱ्यांना एकच सांगतो, रेडमध्ये ते साधारण व्हाइटपेक्षा कमी असतं, आणि तासगावच्या पिवळ्याधमक बेदाण्याला गंधकाचीच धुरी दिलेली असते, तो खाऊन डोकं दुखत नसेल तर दोष बहुधा दुसरीकडे आहे. दम्याच्या काही पेशंटना मात्र खरंच त्रास होतो, त्यांनी जपावं.

मग दुकानात काय बघायचं? बागेत कृत्रिम औषध नको एवढीच काळजी असेल तर युरोपच्या बाटलीवरचं ताऱ्यांचं हिरवं पान किंवा भारतीय मालावरचा इंडिया ऑरगॅनिकचा शिक्का पुरेसा आहे. बायोडायनॅमिक असेल तर डिमीटर किंवा बायोडिव्हँ बघा. नुसतं नॅचरल, इको, ग्रीन असं लिहिलं असेल तर त्यावर पैसे टाकू नका, विचारा की यीस्ट कुठलं आणि सल्फाइट किती, ज्याने स्वतः वाइन केलीय किंवा आवडीने आणलीय तो आकडा सांगतो. युरोपात डिसेंबर २०२३ नंतर तयार झालेल्या वाइनवर घटकांची यादी बंधनकारक आहे, बहुतेकदा क्यूआर कोडमागे, तो स्कॅन करायला विसरू नका. पहिल्यांदा घेत असाल तर बोजोलेची हलकी रेड घ्या, थोडी गार करून. आणि बिनसल्फाइटची बाटली महाराष्ट्राच्या उन्हाळ्यात काचेच्या शोकेसमध्ये उभी असेल तर ती घेऊच नका, तिला वाचवायला गंधक नाही, आतल्या थंड खोलीतली काढून द्यायला सांगा आणि घरी नेईपर्यंत गाडीच्या डिकीत ठेवू नका.